मनगटावरचा मुनीम

रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. लाखांदूर केव्हाच झोपले होते. मी मात्र लुंगी-बनियनवर अंगणातल्या तुळशीवृंदावनाभोवती फेऱ्या मारीत होतो. सौ. दारात आली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ''प्रदक्षिणाच घालायच्या आहेत, तर निदान दिवा तरी लावा.'' मी उत्तर दिले नाही, कारण मनातल्या मनात मोजणे चालू होते. मनगटावरच्या घड्याळात नऊ हजार सहाशे चाळीस पावले जमा होती. दहा हजाराला तीनशे साठ कमी, आणि बाराच्या ठोक्याला दिवसाचा हिशेब बंद होणार!

ज्यांनी बँकेत नोकरी केली आहे त्यांना हे दुखणे चटकन समजेल. संगणक येण्याआधी दिवसाची कॅश आणि लेजर जुळल्याशिवाय आम्ही शाखेबाहेर पडत नसू. सात रुपयांचा फरक निघाला तर खिशातून सात रुपये टाकून भागत नसे. चूक सापडलीच पाहिजे. रात्री दहा-दहा वाजेपर्यंत कंदिलाच्या उजेडात व्हाउचरे उलटायची. सारी नोकरी अशी काढल्यावर माणसाच्या हाडामाशी आकडा खिळतो. अशा माणसाच्या मनगटावर थोरल्या मुलाने तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत पावले मोजणारे घड्याळ बांधले. त्याचा हेतू चांगला होता. बाबा निवृत्त झाले, दिवसभर कादंबरीचे कागद घेऊन बसतात, पोट सुटले आहे, तर चालतील तरी. आणि मी चाललो, हेही खरे. पहिल्या चार महिन्यांत माझे वजन उतरले, वडसा रस्त्याची संध्याकाळची फेरी नियमित झाली. म्हणून या यंत्राच्या विरोधात झेंडा घेऊन मी उभा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पण गेल्या काही वर्षांत या घड्याळांनी आपल्या घरांत जो शिरकाव केला आहे, तो पाहता त्याचा विचार घरातल्या सर्वांनी एकत्र बसून करण्याची वेळ आली आहे. मनगटी घड्याळे आणि कानात घालायची यंत्रे मिळून २०२३ या एका वर्षात भारतात तेरा कोटींवर नग बाजारात आले. २०२४ मध्ये हा आकडा प्रथमच घसरला, तरीही तो अकरा कोटींच्या पुढेच राहिला. लाखांदूरसारख्या तालुक्याच्या गावात मोबाइलच्या दुकानात काचेच्या कपाटात ही घड्याळे ओळीने मांडलेली असतात. हजार-पंधराशेपासून सुरुवात. लग्नात जावयाला घड्याळ देण्याची जुनी रीत होतीच, आता त्या जागी हे आले.

आधी त्या दहा हजारांचे बघू. मला वाटत होते की एखाद्या मोठ्या वैद्यकीय संस्थेने वर्षानुवर्षे प्रयोग करून हा आकडा काढला असेल. शोधायला गेलो तर निघाले भलतेच. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झाले, जपानमध्ये व्यायामाची हवा तयार झाली आणि १९६५ साली तिथल्या एका घड्याळ कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र विक्रीला काढले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा गोल होता, लक्षात राहण्याजोगा होता, आणि खपला. साठ वर्षांपूर्वीची ती जाहिरात आज माझ्याकडून अंगणात फेऱ्या मारून घेत होती!

वैद्यकीय अभ्यास पुढे झाले आणि त्यांनी निराळेच सांगितले. अमेरिकेतल्या सुमारे सतरा हजार वृद्ध स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय बहात्तर. दिवसाला सुमारे सत्तावीसशे पावले चालणाऱ्यांच्या मानाने चव्वेचाळीसशे चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण एकेचाळीस टक्क्यांनी कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढेनासा झाला. २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून जे पाहिले गेले, त्यातही साठीच्या पुढच्या माणसांसाठी सहा ते आठ हजारांपाशी ही रेषा सपाट होते असे दिसले. म्हणजे त्या रात्री माझा व्यवहार केव्हाच पूर्ण झाला होता. शिल्लक राहिला होता तो नुसता हट्ट.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, चार पावले जास्त चालले तर बिघडले काय? बिघडत काहीच नाही. या देशात तर चालायलाच हवे. २०२२ सालची स्थिती अशी की भारतातली जवळजवळ निम्मी प्रौढ माणसे पुरेशी हालचाल करीत नाहीत, आणि स्त्रियांत हे प्रमाण सत्तावन टक्के आहे. दहा कोटींवर मधुमेही या देशात आहेत. तेव्हा प्रश्न चालण्याचा नाही. चालणे कोणाच्या हुकुमाने चालले आहे, हा आहे.

इथे मला आमच्या बांधीतला एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. गेल्या वर्षी रोवणीचे दिवस होते. आमच्या झाडीपट्टीत धानाची रोवणी म्हणजे काय हे पाहिलेल्यालाच कळेल. गुडघाभर चिखल, वरून पाऊस, आणि सकाळपासून कमरेत वाकून पऱ्हे लावीत मागे मागे सरकणाऱ्या बायांची रांग. मी धुऱ्यावर छत्री घेऊन उभा. एका बाईने विचारले, ''साहेब, हे घडी कायची जी?'' मी सांगितले. सगळ्या हसल्या. गंमत म्हणून मी ते तिच्या हाताला बांधले. दुपारी शिदोरीच्या वेळी तिने हात पुढे केला. घड्याळाने दिवसभरातली तिची पावले मोजली होती तेराशेच्या आसपास, आणि मध्येच एकदा थरथरून, बराच वेळ बसून आहात, आता उठा, हालचाल करा, असे सुचवलेही होते. मी वाचून दाखवले. ती म्हणाली, ''आता आनखी केवढी हालू जी?''

त्या यंत्राचा काही दोष नव्हता. त्याच्या आत हाताचे हिसके ओळखणारा एक बारीक तुकडा असतो. चालताना हात ठरावीक लयीत हलतो, ती लय सापडली की यंत्र पावले धरते. चिखलात वाकून रोप खोचणाऱ्या हाताची लय त्याला कोणी शिकवलेली नाही. ज्याने ते बनवले त्याच्या डोळ्यांसमोर खुर्चीवर बसणारा माणूस होता, म्हणजे माझ्यासारखा. त्या बाईचे कष्ट त्याच्या वहीत नोंदलेच जात नाहीत. तेव्हा घड्याळात जे दिसते तेवढेच आपले आरोग्य, असे समजण्याआधी ही रोवणी आठवावी.

पावले मोजणे ही गोष्ट आपल्याला नवी मुळीच नाही. पंडित नैनसिंह रावत हे कुमाऊंमधले शिक्षक १८६५-६६ मध्ये सर्वेक्षण खात्यासाठी वेषांतर करून ल्हासापर्यंत गेले. त्यांच्या हातातल्या जपमाळेत एकशे आठऐवजी शंभरच मणी होते. ठरावीक लांबीचे पाऊल टाकायचे आणि शंभर पावले झाली की एक मणी सरकवायचा. त्यातून तिबेटचा नकाशा तयार झाला. त्या मोजण्याला प्रयोजन होते, आणि मोजणारा मालक होता. माळेने त्यांना कधी 'उठा' म्हटले नाही.

आकडा मालक कसा होतो, हे मी नोकरीत जवळून पाहिले आहे. मार्च महिना आला की वरून ठेवींचे उद्दिष्ट येई. मग एकतीस मार्चला ओळखीच्या व्यापाऱ्यांना, राइस मिलवाल्यांना हात जोडायचे: शेठ, दोन दिवसांसाठी पैसे आमच्याकडे ठेवा. एकतीसला ठेवी फुगत, दोन एप्रिलला ओसरत. कागदावर शाखा पहिल्या क्रमांकावर! एका वर्षी दुभत्या जनावरांच्या कर्जाचे उद्दिष्ट आले. कर्जे वाटली गेली, उद्दिष्ट पूर्ण झाले, अभिनंदनाचे पत्रही आले. पुढे तपासणीत असे दिसले की एकच म्हैस तीन-तीन गोठ्यांत कर्जाऊ झाली होती. त्या अर्जांवर माझीही सही होती. चार्ल्स गुडहार्ट नावाचे एक अर्थतज्ज्ञ बँक ऑफ इंग्लंडमध्ये सल्लागार होते. १९७५ साली त्यांनी चलनधोरणाबद्दल मांडलेला एक विचार पुढे त्यांच्याच नावाने नियम म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचा सारांश असा, की मोजमापालाच उद्दिष्ट केले की ते मोजमाप म्हणून कामाचे राहत नाही. मला हे पुस्तकात वाचायला फार उशीर झाला. त्या म्हशीने आधीच शिकवले होते.

पावलांचेही तसेच झाले आहे. आपल्याकडच्या काही आरोग्यविमा योजनांत दिवसाला दहा हजार पावले भरली तर हप्त्यात सवलत मिळते. आणि चीनमध्ये फोन आपोआप झुलवत ठेवणारे पाळणे विकायला आले. माणूस खाटेवर, पावले खात्यावर. एकतीस मार्चची ठेवच ती!

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला जड जाते. माझ्या संध्याकाळच्या फेरीत एक निवृत्त मुख्याध्यापक सोबत असत. सगळे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही तेच म्हणतो. मराठी शिकवीत. आवाज असा की मंडईच्या दिवसांत दंडारीत किंवा नाटकात निवेदन करायला त्यांनाच बोलवत. माझे घड्याळ आल्यापासून आमच्या गप्पांची जागा आकड्यांनी घेतली. चौकात भेटलो की मी मनगट पुढे करायचो: ''आज किती, ओळखा.'' महिनाभर त्यांनी ऐकून घेतले, मग तेही एक घड्याळ घेऊन आले. माझ्या घड्याळाची किंमत त्यांच्या पेन्शनीत बसणारी नव्हती. त्यांनी स्वस्तातले घेतले, पण त्यात एक जास्तीची सोय होती. बटण दाबले की रक्तदाब दाखवायचे. माझ्यात ती नव्हती, आणि खरे सांगतो, मला थोडा हेवा वाटला.

गुरुजींना रक्तदाबाची गोळी अकरा वर्षांपासून चालू होती. घड्याळ रोज एकशे अठरा-शहात्तर, एकशे बावीस-अठ्ठ्याहत्तर दाखवू लागले. ते खुशीत. ''चालण्याचा गुण आहे,'' म्हणायचे. मी मान डोलवायचो. गोळी त्यांनी केव्हा बंद केली हे त्यांनी घरीही सांगितले नाही. अडीच महिन्यांनी एका पहाटे त्यांची जीभ अडखळू लागली, डावा हात उचलेना. ग्रामीण रुग्णालयात हाताला पट्टा बांधून पाहिले तेव्हा रक्तदाब दोनशे दहावर एकशे सोळा निघाला. तिथून रुग्णवाहिकेने पुढे नेले. जीव वाचला. हात बराच सुधारला. बोलणे मात्र अजून पूर्वीसारखे नाही. जोडाक्षरे तुटतात.

ते दवाखान्यात असताना त्यांच्या मुलाने ते घड्याळ माझ्याकडे आणून दिले. मी ते ओट्यावरच्या एका केळ्याला गुंडाळले आणि बटण दाबले. हिरवा दिवा लुकलुकला. थोड्या वेळाने केळ्याचा रक्तदाब आला: एकशे एकवीसवर सत्त्याहत्तर. नाडी बहात्तर.

यामागचे तंत्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. घड्याळाच्या पोटाकडून हिरवा प्रकाश कातडीत शिरतो, रक्त तो शोषून घेते, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या कमी-जास्त होण्यावरून यंत्र नाडी ओळखते. नाडीपुरते हे तंत्र बऱ्यापैकी भरवशाचे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये सात प्रकारची मनगटी यंत्रे तपासली, त्यातल्या सहांची नाडीतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. पण हीच यंत्रे खर्च झालेल्या कॅलरी सांगू लागली तेव्हा सर्वांत अचूक यंत्रसुद्धा सत्तावीस टक्क्यांनी चुकले, आणि सर्वांत वाईट त्र्याण्णव टक्क्यांनी. रक्तदाब तर त्याहून अवघड. दंडाला पट्टा न बांधता तो सांगणारी जी थोडी यंत्रे रीतसर तपासून मान्य झाली आहेत, त्यांचेही माप अधूनमधून पट्ट्याशी जुळवून घ्यावे लागते. पंधराशे रुपयांच्या घड्याळात जो आकडा उमटतो तो बहुधा वय-उंची विचारून केलेला अंदाज असतो. रक्तातली साखर सुई न टोचता दाखवणाऱ्या घड्याळांबद्दल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला, की असे एकही घड्याळ वा अंगठी आम्ही मान्य केलेली नाही. आपल्याकडे अशा घड्याळांच्या खोक्यावर बारीक अक्षरांत 'वैद्यकीय उपयोगासाठी नाही' असे इंग्रजीत छापलेले असते. गुरुजींच्या खोक्यावरही होते. मी भिंग लावून वाचले.

दुसऱ्या बाजूचीही नोंद केली पाहिजे. हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले तर काही चांगली घड्याळे ते ओळखतात. अमेरिकेत चार लाखांवर लोकांच्या मनगटावर हे पाहिले गेले, त्याचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. दर हजारी जेमतेम पाच जणांना इशारा मिळाला. त्यानंतर ज्यांनी छातीला पट्टी लावून तपासून घेतले त्यांच्यापैकी एक तृतीयांशांत तो दोष सापडला. म्हणजे इशारा आला तर डॉक्टरांकडे जाऊन कार्डिओग्राम काढावा, घाबरून रात्र जागवू नये. आणि इशारा आला नाही म्हणून छातीतले दुखणे अंगावर काढू नये. घड्याळाचे 'सर्व ठीक' हे प्रमाणपत्र नव्हे.

लहानांचे निराळेच. माझी नात पुण्यात नववीत शिकते. यंदाच्या दिवाळीत सौ.ने करंज्या पुढे केल्या, तर ती म्हणाली, ''आजोबा, एका करंजीला चाळीस मिनिटे चालावे लागेल, आज माझ्या खात्यात तेवढ्या कॅलरी नाहीत.'' चौदा वर्षांची पोर! तिच्या आईला हे शहाणपण वाटत होते. मला भीती वाटली. वाढत्या वयात ताट म्हणजे कर्ज आणि चालणे म्हणजे परतफेड असा हिशेब डोक्यात बसला, तर तो सुटता सुटत नाही. मी तिला स्टॅनफर्डचा तो आकडा सांगितला. ''म्हणजे ते खोटे सांगते?'' तिने विचारले. खोटे नव्हे ग, अंदाज सांगते, आणि तो चार दशांशांपर्यंत सांगितल्यासारखा तोऱ्यात सांगते. तिने एक करंजी घेतली. दुसरी घेतली नाही. असो.

झोपेबद्दलही दोन शब्द. सकाळी उठून ताजेतवाने वाटत असताना घड्याळ शंभरपैकी छप्पन्न गुण देते आणि दिवसभर आपण थकल्यासारखे वागतो, हा अनुभव मी घेतला आहे. अमेरिकेतल्या काही झोपेच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये या नव्या दुखण्याला नावही दिले. झोप उत्तम व्हावी या काळजीनेच झोप उडणाऱ्यांचे दुखणे. आमच्या आजीने याला दोन शब्दांत निकालात काढले असते.

एक गोष्ट मात्र घरगुती नाही. माझे घड्याळ मी सोडू शकतो. ज्याला सोडता येत नाही त्याचे काय? आमच्या नागपूरच्या महानगरपालिकेने २०२० च्या सुमारास हजारो सफाई कामगारांच्या मनगटावर जागा दाखवणारी घड्याळे बांधली. कामगार नेमलेल्या हद्दीत आहे की नाही, हे कचेरीतल्या पडद्यावर दिसे. हजेरीतली लबाडी थांबावी हा हेतू सांगितला गेला. ती लबाडी होत नव्हती असे मी म्हणणार नाही. पण लघवीला जायला, पाणी प्यायला हद्दीबाहेर पाऊल पडले तर पगार कापला जाईल ही धास्ती घेऊन झाडू मारणाऱ्या बाईचाही विचार हवा. चंदीगडच्या सफाई कामगारांनी त्याच वर्षी याविरुद्ध आवाज उठवला. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. आज पावलांसाठी विम्यात सवलत आहे. उद्या पावले कमी म्हणून हप्ता वाढला, किंवा कार्यालयाने झोपेचे गुण मागितले, तर 'मी माझी नाडी दाखवणार नाही' म्हणण्याची ताकद नोकरदाराला त्या कायद्याने कितपत मिळते, याकडे कामगार संघटनांनी आतापासून लक्ष दिले पाहिजे.

माझ्यापुरती मी व्यवस्था लावली आहे. पासबुक आपण रोज भरून आणत नाही. महिन्या-पंधरवड्यात एकदा आणतो, आणि व्यवहार सरळ चालले आहेत ना एवढे बघतो. घड्याळाचेही तेच. रविवारी सकाळी चहाबरोबर आठवड्याची सरासरी आणि आरामात असतानाची नाडी बघायची. रोजचे आकडे झाकून ठेवले आहेत, थरथरणे बंद केले आहे, रात्री घड्याळ खुंटीवर. उद्दिष्ट आता साडेसहा हजार, आणि ते चुकले तर चुकले. पिट्सबर्गला २०१६ मध्ये एक प्रयोग झाला होता. वजन उतरवू पाहणाऱ्या तरुणांपैकी अर्ध्यांना अंगावर लावायचे यंत्र दिले, अर्ध्यांना दिले नाही. दोन वर्षांनी यंत्र नसलेल्यांचे वजन सरासरी सहा किलोंच्या जवळपास उतरले होते, यंत्रवाल्यांचे साडेतीन. का, ते त्यांनाही नीट उलगडले नाही. मला वाटते, यंत्रावर भार टाकला की माणूस स्वतः थोडा मोकळा होतो. हा आपला माझा अंदाज.

गुरुजींच्या घरी आता दंडाला पट्टा बांधायचे यंत्र आहे. त्यांची सून दर बुधवारी मापून वहीत तारखेसह लिहून ठेवते. गोळी तिच्या समोर घ्यायची. संध्याकाळी आम्ही दोघे निघतो. पावले कोणी मोजत नाही. रस्त्याकडेचे विजेचे खांब मोजतो, कारण दोन खांबांच्या मध्ये त्यांना थांबावे लागते. पावसाळ्यात चार खांब झाले की परत फिरत होतो. चालताना ते जोडाक्षरांचे शब्द निवडून मोठ्याने म्हणतात. डॉक्टरांनी सांगितले आहे म्हणून नव्हे, त्यांच्या शाळेतली ती जुनी पद्धत होती. परवा अकराव्या खांबापाशी 'स्वातंत्र्य' म्हणाले. पुरते म्हणाले. मी मनगटाकडे पाहिले, सवयीने, तर घड्याळ घरी राहिले होते.